दोषाचा रकाना

माझ्याबद्दल माझ्याइतकं चांगलं दुसरं कोणी लिहूच शकत नाही. हे मी गर्वाने नाही, अनुभवाने सांगतो. शाळेत असताना 'माझा आवडता मित्र' हा निबंध मी स्वतःवर लिहिला होता. बाकावर शेजारी बसणाऱ्या पोराला निबंध जमत नव्हता, म्हणून त्याला तो दिला. त्याला दहापैकी नऊ गुण मिळाले आणि मी केवढा गुणी आहे हे सगळ्या वर्गाला कळलं. त्यामुळे फेलोशिपच्या अर्जाला तीन शिफारसपत्रं जोडायची आहेत असं वाचल्यावर मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, "पत्रांची तू काळजीच करू नकोस. तो माझ्या हातचा मळ आहे."

"पण पत्रं तर तुझे प्रोफेसर लिहिणार ना?" बायको म्हणाली.

तिला आमच्यातली रीत ठाऊक नव्हती. तुम्हालाही नसेल, म्हणून सांगतो. विद्यार्थी सरांकडे शिफारसपत्र मागायला जातो. सर घड्याळाकडे बघतात आणि म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." विद्यार्थी लिहितो, सर सही करतात, पाकीट चिकटवलं जातं आणि वर 'गोपनीय' असा शिक्का बसतो. पत्र इतकं गोपनीय असतं की सही करणाऱ्यालासुद्धा आत काय आहे ते माहीत नसतं.

आता माझं काम काय, तेही सांगतो. मी बुडबुड्यांवर पीएचडी करतो. हसून घ्या. माझ्या सासरचे सगळे हसून मोकळे झालेत. पंपात पाणी जोरात फिरतं तेव्हा पात्यांजवळ बारीक बुडबुडे होतात आणि लगेच फुटतात. एकेक बुडबुडा फुटताना धातूला टोचतो. असे लाखो बुडबुडे टोचले की दोन वर्षांत पातं चाळणीसारखं होतं. त्या पात्याला लावायचा एक लेप मी तयार करत होतो. लेप जवळजवळ जमला होता. 'जवळजवळ' हा शब्द मी तीन वर्षं वापरतोय, असं बायकोचं म्हणणं आहे.

आणि नेमकी आधीची फेलोशिप संपत आली होती. नवी मिळाली तर आणखी दोन वर्षं निर्धास्त काम करता येणार होतं. नाही मिळाली तर मेहुण्यांच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलं होतं. मेहुण्यांचं दुकान पंपांचंच आहे. ते मला दर भेटीत म्हणायचे, "भाऊजी, तुमचे बुडबुडे फुटले की सांगा. काउंटरवरची खुर्ची तुमच्यासाठीच ठेवलीय." ती खुर्ची मला स्वप्नात दिसायची. फिरती होती.

बायको तशी चिडणारी नाही. पण त्या आठवड्यात एकदा ती कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "तू हे काम सोडावंस असं मला वाटत नाही रे. पण घर माझ्या एकटीच्या पगारावर ओढताना आता दम लागतो. ही शेवटची संधी समज." मी "हो" म्हणालो.

अडचण अशी की आमच्या विभागातून ही फेलोशिप एकालाच मिळणार होती आणि अर्ज दोघांचे होते. दुसरा अर्ज पक्कडचा. पक्कड म्हणजे माझ्याच प्रयोगशाळेतली, मला एक वर्षाने कनिष्ठ असलेली मुलगी. हातात घेतलेलं काम सोडत नाही म्हणून सगळे तिला पक्कड म्हणतात. पंप सुरू असताना ती नुसती कान देऊन उभी राहते आणि सांगते, "आता बुडबुडे सुरू झाले." यंत्राला ते दोन मिनिटांनी कळतं. ती दिवसाला फार तर वीस वाक्यं बोलते. माझं टोपणनाव प्रयोगशाळेत भोंगा आहे. ते का, हे मला अजून नीटसं कळलेलं नाही.

तर मी सरांकडे गेलो. सर म्हणजे आमचे मार्गदर्शक, पक्कडचेही आणि माझेही. ते कायम एका बैठकीतून निघालेले असतात आणि दुसरीला पोचलेले नसतात. त्यांना गाठायचं ते जिन्यात.

"शिफारसपत्र ना? तूच लिहून आण," सर दोन पायऱ्या उतरत म्हणाले. "आणि हो, तिचंही लिहून टाक. एका बैठकीत दोन्ही होऊन जाऊ देत."

"सर, पण ती माझी..."

"मैत्रीण आहे, माहितीये. म्हणून तर म्हणतोय," असं म्हणून सर खालच्या मजल्यावर गेलेसुद्धा.

प्रतिस्पर्धी हा शब्द माझ्या तोंडातच राहिला. पक्कडच्या बाकीच्या दोन पत्रांची सोय तिने आपली आपण केली होती. बाहेरच्या दोन कारखान्यांतल्या अभियंत्यांकडून तिने ती आणली होती आणि त्यांनी ती खरोखर स्वतः लिहिली होती. कारखान्यातल्या लोकांना रीतभात नसते.

माझं दुसरं पत्र मॅडमचं. मॅडम म्हणजे सहमार्गदर्शक, लेपाचं रसायन त्यांच्याकडे. वयाने माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण समोर उभं राहिलं की माझे पाय आपोआप जुळतात. त्या म्हणाल्या, "लिहून पाठव." तिसरं पत्र विभागप्रमुखांचं. त्यांनी तेही बोलायची तसदी घेतली नाही. त्यांच्या कारकुनानेच सांगितलं, "साहेबांचं पत्र ना? मजकूर आणा."

त्या रात्री जेवण आटोपून मी टेबलाशी बसलो. मनात योजना पक्की होती. तीन पत्रं तीन वेगळ्या माणसांची वाटली पाहिजेत, एका हातची वाटता कामा नयेत. सरांचं पत्र मायेने ओथंबलेलं केलं. 'हा विद्यार्थी मला मुलासारखा आहे. आपलं म्हणणं तो वाघासारखा मांडतो.' मॅडमचं बेताचं, शास्त्रीय. 'उमेदवार अत्यंत मितभाषी आहे. तीन वर्षांत त्याचा आवाज मी क्वचितच ऐकला.' वाचून मलाच माझा आदर वाटायला लागला.

पण प्रत्येक पत्राच्या शेवटी एक रकाना होता. 'उमेदवाराचा एक ठळक दोष, चाळीस शब्दांत. रकाना रिकामा ठेवल्यास अर्ज बाद.'

आता आली का पंचाईत. बायकोला विचारावं असं क्षणभर वाटलं, पण अर्जाची मुदत संपायला आठच दिवस उरले होते. सरांच्या पत्रात लिहिलं, 'काम सुरू केलं की याला जेवणाचं भान राहत नाही.' मॅडमच्या पत्रात लिहिलं, 'स्वतःचं कौतुक ऐकताना फार संकोचतो.' उरले विभागप्रमुख. ते कडक. त्यांच्या पत्रात असले गोड दोष शोभले नसते. म्हणून मी त्यांच्यासारखा ताठ बसलो, त्यांच्यासारखी बोटं टेबलावर वाजवली, त्यांच्यासारखं "हं" केलं आणि लिहायला घेतलं.

आणि काय झालं कोण जाणे, लेखणी थांबेना. 'हा उमेदवार काम करण्यात जितका वेळ घालवतो तितकाच कामाबद्दल बोलण्यात घालवतो. चाचणी अर्ध्यावर असतानाच निष्कर्ष जाहीर करून मोकळा होतो. याच्या यंत्रापेक्षा याचा आवाज मोठा आहे.' लिहून झालं आणि मला विभागप्रमुखांचा भयंकर राग आला. म्हटलं, समजतो कोण हा माणूस स्वतःला? मग आठवलं की हे आपणच लिहिलंय. तरी राग जाईना. पण पत्र झकास वठलं होतं. चाळीस शब्दांत बसत होतं. एखादं कडू पत्र असलं की बाकीची दोन खरी वाटतात, असा विचार करून मी ते तसंच ठेवलं.

पक्कडचं पत्र राहिलं होतं. झोप येत होती. दहा मिनिटांत जे सुचलं ते खरडलं आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या. मॅडमनी तासाला जाता जाता केली. विभागप्रमुखांनी फोनवर बोलता बोलता केली. सरांना जिन्यात गाठलं. टेकवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी मला वळायला सांगितलं आणि माझी पाठ थोपटणाऱ्या पत्रावर माझ्याच पाठीवर कागद ठेवून सही केली. पाकिटं गेली. मी घरी जाऊन बायकोला म्हणालो, "झालं आपलं काम."

तीन आठवड्यांनी निवड समितीचं पत्र आलं. दोन्ही उमेदवारांनी अमुक दिवशी मुलाखतीला यावं, आणि सोबत माझ्या तिन्ही शिफारसकर्त्यांनीही यावं. कारण म्हणे, 'तीन पत्रांतून तीन वेगवेगळ्या व्यक्ती समोर येत असून, यांपैकी नेमकी कोणाला फेलोशिप द्यावी हे समितीला उमगत नाही.'

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांचं बोलावणं आलं.

"बस," ते म्हणाले. मग दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "मी तुझ्याबद्दल काय मत दिलंय?"

मी खिशातून प्रत काढून दिली. त्यांनी वाचली. दोष वाचताना भुवया वर वर जात राहिल्या.

"हे मी लिहिलंय?"

"म्हणजे, सही आपली आहे, साहेब."

"याच्या यंत्रापेक्षा याचा आवाज मोठा आहे," त्यांनी पुन्हा वाचलं. "वा. हे कधी सुचलं मला?"

"मागच्या महिन्यात, साहेब. मंगळवारी."

"माणूस ओळखण्यात माझा हात धरणारा अजून कोणी भेटला नाही," ते खुर्चीत मागे रेलत म्हणाले. "आणि खरं सांगू का, तू आहेसच तसा. तुला राग नाही ना आला?"

"आला होता, साहेब. पण आता उतरला."

त्यांनी प्रत ठेवून घेतली आणि पाठ करायला लागले.

बाकी दोघांसाठी मी रीतसर टिपणं तयार केली. कागदाच्या वर ठळक अक्षरात 'आपलं माझ्याबद्दलचं मत' आणि खाली मुद्दे. मुलाखतीच्या आदल्या दिवशी सर आणि मॅडम मला एकाच वेळी भेटले, वऱ्हांड्याच्या दोन टोकांना. सर जिन्याकडे निघाले होते, मॅडम वर्गाकडे. मी आधी सरांकडे धावलो आणि एक कागद हातात कोंबला. मग मॅडमकडे धावलो आणि दुसरा दिला. दोन्ही कागदांवर मथळा एकच होता हे तुमच्या लक्षात आलंय. माझ्या तेव्हा आलं नाही.

संध्याकाळी मी आरशासमोर सराव करत होतो. सरांसाठी वाघ व्हायचं, मॅडमसाठी गप्प राहायचं, साहेबांसाठी थोडं वाह्यात दिसायचं, आणि तिघंही एकाच खोलीत बसलेले असणार. मी एक वाक्य जोरात म्हणायचो, एक गिळायचो.

बायको दाराशी उभी राहून बघत होती. "उद्या तू नक्की कोण आहेस?" तिने विचारलं.

"तेच ठरवतोय."

"तू म्हणूनच जा ना."

"तसं कुठल्याच पत्रात लिहिलेलं नाही," मी म्हणालो. ती आत गेली. मी आरशात बघितलं. खोटं सांगत नाही, मी शांत आहे की बडबड्या, जेवणाचं भान असणारा की नसणारा, हे मला त्या क्षणी खरोखरच आठवत नव्हतं.

मुलाखत विभागातल्याच एका खोलीत होती. लांब टेबल, त्यापलीकडे समितीचे तिघे. मध्ये अध्यक्षबाई. पिकलेले केस, जाड चष्मा आणि प्रत्येक कागद दोनदा वाचायची सवय. अलीकडे सर, मॅडम, विभागप्रमुख. कडेला दोन खुर्च्यांवर पक्कड आणि मी. पक्कडच्या खिशात पाना होता. तिला बहुतेक वाटेत कुठेतरी गळती दिसली असावी.

"आधी या मुलीचं घेऊ," अध्यक्षबाई सरांना म्हणाल्या. "हिच्याबद्दल तुम्ही लिहिलंय, 'दुपारी आम्ही दोघं टाकीच्या झाकणावर बसून डबा खातो, तेव्हासुद्धा हिचा एक कान पंपाकडे असतो.' तुम्ही टाकीच्या झाकणावर बसून डबा खाता?"

दहा मिनिटांत खरडताना मी विसरलोच होतो की ते पत्र सर लिहीत आहेत. सरांनी माझ्याकडे पाहिलं. सर मोठे धोरणी आहेत. सही केलेल्या गोष्टीला ते कधीच नाही म्हणत नाहीत.

"हो," सर म्हणाले. "रोज."

पक्कडने मान वळवून सरांकडे पाहिलं. सरांनी प्रयोगशाळेत पाऊल ठेवलं त्याला चार महिने झाले होते.

"छान," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझी फाइल उघडली. "आता हे गृहस्थ. यांच्याबद्दल काय सांगाल?"

सरांनी हळूच मांडीवरच्या टिपणाकडे नजर टाकली. "फार शांत मुलगा. तीन वर्षांत याचा आवाज मी क्वचितच ऐकला."

"पण पत्रात तर तुम्ही म्हणता, वाघासारखा बोलतो."

"शांत वाघ," सर म्हणाले.

अध्यक्षबाईंनी मॅडमकडे मोर्चा वळवला. मॅडम टिपण वाचून आधीच गोंधळल्या होत्या, पण माघार घेणं त्यांच्या स्वभावात नाही. घसा साफ करून त्या म्हणाल्या, "हा मला मुलासारखा आहे."

अध्यक्षबाईंनी एकदा मॅडमकडे पाहिलं, एकदा माझ्या टकलाकडे पाहिलं. खोलीत कोणी काही बोलेना. ती शांतता मला सहन झाली नाही. मला कुठलीच शांतता सहन होत नाही.

"मॅडम," मी म्हणालो, "ते सरांचं मत आहे. तुमचं मत मितभाषी."

बोलून गेलो आणि मग जीभ चावली. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पत्रं गोपनीय होती," त्या सावकाश म्हणाल्या. "सरांना स्वतःचं मत माहीत नाही. मॅडमना स्वतःचं माहीत नाही. तुम्हाला मात्र दोघांचंही पाठ आहे."

"दोघांचं नाही, तिघांचं," मी म्हणालो.

आता याला काय म्हणावं? कोणी विचारलं होतं का? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. एवढ्यात विभागप्रमुखांनी टेबलावर बोटं वाजवली आणि विजयी मुद्रेने म्हणाले, "बघा. याच्या यंत्रापेक्षा याचा आवाज मोठा आहे. मी लिहिलंच होतं."

"यांनी लिहिलं होतं," अध्यक्षबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "हो ना?"

मी मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. रीत सांगितली, टेबल सांगितलं, जिना सांगितला, पाठीवरची सही सांगितली. सर खिडकीबाहेर बघत होते. मॅडम टिपणाची बारीक घडी घालत होत्या. समितीतले बाकीचे दोघे मात्र अजिबात दचकले नाहीत. त्यांतला एक जण छताकडे बघत होता. त्यानेही आयुष्यात अशा बऱ्याच सह्या केल्या असाव्यात.

"म्हणजे टाकीवर डबा खाणारे सर कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मी."

पक्कडने माझ्याकडे पाहिलं. तिचं पत्र मी लिहिलं होतं, हे तिला माहीत नव्हतं. सरांनी तिला सांगितलं होतं, "तुझं मी बघतो."

"किती वेळ लागला हे लिहायला?"

"दहा मिनिटं. झोप येत होती."

अध्यक्षबाईंनी चष्मा पुन्हा चढवला आणि पत्र मोठ्याने वाचायला लागल्या. 'ही कामाबद्दल बोलत नाही, काम करते. पंप बिघडला की सगळे हिला हाक मारतात आणि सगळ्यांच्या आधी मी मारतो. मागच्या वर्षी माझी मोजमापं तीनदा चुकली होती. हिने ती दाखवून दिली आणि बाहेर कोणाला सांगितलं नाही. ही प्रयोगशाळेत नसली की मला पंपाचा आवाज नुसता आवाज वाटतो. दोष : ही स्वतःसाठी काही मागत नाही, त्यामुळे हिला काही द्यायचं लोकांच्या लक्षात राहत नाही.'

पक्कडचे कान लाल झाले. तिने खिशातला पाना घट्ट धरला होता. मी भिंतीकडे बघत होतो. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"मी वीस वर्षं असली पत्रं वाचतेय," अध्यक्षबाई म्हणाल्या. "सगळीकडे उमेदवार थोर असतो आणि उमेदवाराला जेवणाचं भान नसतं. एका माणसाने दुसऱ्याकडे बघून लिहिलेलं पत्र क्वचित येतं." त्यांनी फाइल मिटली. फेलोशिप कोणाला मिळणार हे मला तेव्हाच कळलं.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? खुर्ची डोळ्यांसमोर गरागरा फिरली. बायकोला काय सांगायचं ते मी मनात जुळवायला लागलो. मोठा आव आणून तीन पत्रांत मी माझे गोडवे गायले होते आणि अर्धवट झोपेत लिहिलेल्या चौथ्या पत्राने मला हरवलं होतं. म्हणजे हरवणारा मीच आणि हरणाराही मीच. मग जिंकलं कोण, हे कळायला मला घरी पोचेपर्यंतचा वेळ लागला.

उठता उठता अध्यक्षबाई मला म्हणाल्या, "सहा महिन्यांनी पुन्हा फेरी आहे. तुमच्या लेपाचं काम चांगलं आहे, ते अर्जात दिसतं. पुन्हा या. फक्त यावेळी पत्र शेजारी उभं राहून काम करणाऱ्याकडून लिहून आणा. आणि तुम्ही त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसा."

जिन्यात सर भेटले. खाली उतरता उतरता म्हणाले, "तिच्याबद्दल मी फार छान लिहिलं होतं, नाही का?"

सहा महिने मी दुपारी मेहुण्यांच्या दुकानात बसलो. सकाळी प्रयोगशाळा, दुपारी खुर्ची. गिऱ्हाईक पंप घ्यायला यायचं. मी त्याला त्या पंपाच्या पात्याचं दोन वर्षांनी काय होणार ते समजावून सांगायचो. गिऱ्हाईक आभार मानून परत जायचं. मेहुणे कपाळाला हात लावायचे. तिसऱ्या महिन्यापासून तेच बायकोला फोन करून विचारायला लागले, "भाऊजींच्या फेलोशिपचं कधी कळणार ग? काही ओळखबिळख लावू का?" इकडे पक्कड स्वतःच्या चाचणीत माझं लेप लावलेलं पातं बाजूला बसवून घ्यायची आणि आकडे माझ्या टेबलावर ठेवून जायची. मी आभार मानायला तोंड उघडलं की ती पंप सुरू करायची.

सांगूनच टाकतो, पुढच्या फेरीत फेलोशिप मला मिळाली. आता ती कोणामुळे मिळाली, हे मात्र मला सांगता येणार नाही. कारण अर्ज करायच्या आधी मी सरांकडे गेलो, तेव्हा सर जिन्यातूनच म्हणाले, "पत्र ना? तिलाच लिहायला सांग. मी सही करतो." आणि एका सुटीच्या दिवशी पक्कड अर्जाचे कागद घेऊन आमच्या घरी आली. अध्यक्षबाईंच्या हुकुमाप्रमाणे मी आतल्या खोलीत जाऊन बसलो. दार अर्धवट उघडं होतं, तो माझा दोष नाही.

पक्कड बराच वेळ लिहीत होती. मग लेखणी थांबली.

"वहिनी," तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "एक ठळक दोष लिहायचाय. तुम्हाला काही सुचतंय का?"

आत नळ बंद झाल्याचा आवाज आला. बायको हात पुसत बाहेर आली, तिने खुर्ची ओढून घेतली आणि ती नीट बसली.

"रकाना केवढा आहे?"

"चाळीस शब्द."

मग बायकोचा आवाज आला. लग्नाला सहा वर्षं झाली, पण तिला एवढं उत्साहाने बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"पुरवणी जोडता येते का?"